वाट नसलेलं जोडपान

मला माझ्या मावसबहिणीचा हेवा वाटायचा. वाटायचा, असं भूतकाळात लिहिलं खरं, पण गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, कशावरून तरी ती खळखळून हसली आणि मी काहीतरी निमित्त काढून फोन ठेवला. म्हणजे अजून वाटतो.

आमच्या घरात मनातलं बोलायची पद्धत नाही. राग आला तर भांडी आपटायची, वाईट वाटलं तर डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून पडायचं. हेव्यासाठी मात्र अशी काही सोय नव्हती. तो आतल्या आत ठेवावा लागायचा, आणि मी तो नीट ठेवला. इतका नीट, की मी फार समंजस मुलगी म्हणून नातेवाइकांत माझं नाव होतं.

ती माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. मला ताई म्हणते. तिचे वडील, म्हणजे माझे काका, उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते, आणि ते राहायचेही त्याच गल्लीत. आम्ही अंबरनाथला, पूर्वेला, तीन मजली इमारतीत. दर मे महिन्यात ती आमच्याकडे यायची, कारण त्यांच्या गल्लीत दिवसभर मशिनांची खडखड आणि वरून पत्र्याचं छप्पर. शेअर रिक्षातून उतरली की तिच्या काखेत खाकी कागदाची गुंडाळी असायची. कारखान्यात पॅटर्न कापून उरलेला कागद. त्याच्या कडा कुठे पँटच्या पायासारख्या, कुठे खिशासारख्या कापलेल्या, आणि ती त्या वेड्यावाकड्या तुकड्यांवर चित्रं काढायची. खिशाच्या आकारात बसेल असं मांजर, पायाच्या लांबट पट्टीवर जिराफ. आई म्हणायची, "बघ गं, कागद वाकडा तर मांजर पण तसंच वाकवलंन!" मी बघायचे. मी निबंधात पहिली यायचे. निबंध कुणी असा हातात धरून शेजारणीला दाखवत नाही.

ज्या मे महिन्याबद्दल लिहितेय तो नव्वदच्या पुढचा एखादा. माझी अकरावी संपली होती, तिची दहावीची परीक्षा होऊन निकाल यायचा होता. येताना तिने गल्लीतल्या रद्दीवाल्याकडून एक पातळ इंग्रजी पुस्तक आणलं होतं. मुखपृष्ठ फाटलेलं, त्यामुळे नाव-गाव काहीच नाही. तिने ते चित्रांसाठी उचललं होतं. मी वाचायला लागले आणि अडखळत अडखळत मला त्यातली गंमत कळली. प्रत्येक पानाच्या तळाशी दोन-तीन आकडे होते.

"ही गोष्ट आपल्याला विचारते," मी म्हटलं.

"काय विचारते?"

"पुढे काय करू म्हणून. गुहेत जायचं तर हे पान काढ, नदीकडे जायचं तर ते."

"आणि चुकलं तर?"

"तर मेलो."

"अय्या! मग?"

"मग परत पहिल्यापासून."

ती मांडी घालून बसली होती ती गुडघ्यांवर आली. "ताई, आपण करू या ना असं. तू लिही, मी काढते. मराठीत करू. आपल्या इथलं."

कल्पना तिची होती. पुढे बरीच वर्षं मी लोकांना सांगत आले की ती मला सुचली.

आम्हाला काहीच येत नव्हतं. पहिला प्रयत्न मी एका उरलेल्या वहीत केला. 'विहिरीत उतरायचं असेल तर पान चार, नसेल तर पान पाच.' चार आणि पाच समोरासमोर. माझ्या धाकट्या भावाने वही उघडली आणि म्हणाला, "मला दिसतंय ना इथे साप काढलाय. मी काय येडा आहे उतरायला?" म्हणजे पानं लांब लांब टाकायला हवीत, हे कळलं. मग मी ती इतकी लांब टाकली की मलाच सापडेनात. नवव्या पानावरून सोळावर जायचं आणि सोळावरून परत नऊवर, असं एक ठिकाण झालं. दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा तिथे अडकला. जिन्यात बसून ओरडला, "ओ ताई, मी तिसऱ्यांदा विहिरीत पडलो. मारा नाहीतर बाहेर तरी काढा!"

तेव्हा तिने खाकी कागदाचा एक मोठा तुकडा जमिनीवर पसरला. म्हणाली, "आधी नकाशा करू." एकेका पानासाठी एकेक गोल, गोलात आकडा, आणि ह्या गोलातून त्या गोलाकडे बाण. कुठे वाट संपते, कुठे परत फिरते, सगळं एका नजरेत. हेही तिचंच डोकं. मी आकडे सांगत होते आणि ती बाण काढत होती. थोड्या वेळाने बघते तर बाणांचे वेल झालेले. वळणं घेत, मध्येच एखादं पान फुटलेलं. साधा कामाचा कागद, पण भिंतीला लावावा असा दिसायला लागला होता.

"सरळ रेघ काढ ना," मी म्हटलं. "हे काय, रांगोळी घालतेयस?"

"बरं ताई."

तिने खोडून सरळ रेघा काढल्या. तिला राग आला नाही. तिला राग येत नाही, ही तिची आणखी एक गोष्ट मला सहन व्हायची नाही.

गोष्ट आमच्या नाल्याची होती. देवळाच्या मागून जाणारा आमचा नाला रोज वेगळ्या रंगाचा असायचा. वर कुठे कुठे कपडे रंगवायचे, धुवायचे कारखाने, त्यांचं पाणी. सोमवारी निळा, बुधवारी विटकरी. आमच्या खेळातली मुलगी निळ्या पाण्यामागे निघते, हे निळं येतं तरी कुठून ते शोधायला. वाटेत पूल लागतो, पाऊस लागतो, बंद कारखाना लागतो, आणि एका वाटेने ती मांजर्लीपर्यंत पोचते. बदलापूरजवळच्या त्या गावात नदीला पूर आलेला असतो. मांजर्लीला माझ्या बहिणीच्या वडिलांचे भाऊ राहायचे. काही पावसाळ्यांपूर्वी ती तिथे असताना पाणी घरात शिरलं होतं आणि सगळे गच्चीवर चढून बसले होते. ते तिने पाहिलं होतं. मी नव्हतं पाहिलं.

खेळायची पद्धत आपोआप ठरली. प्रत एकच, मुलं पुष्कळ. दुपारी वीज गेली की सगळी पोरं थंडाव्याला जिन्यात यायची. मी वरच्या पायरीवर बसून वाचायचे आणि पानाच्या शेवटी विचारायचे, "पुलावरून की नाल्यातून? हात वर!" ज्याला जास्त हात त्या पानावर जायचं. हरलेले कुरकुरायचे. "मी बोललो होतो ना नाल्यातून नको! आता मेली ना ती!" "गप रे, तुझ्यामुळेच मेली." तेवढ्यापुरतं मला फार बरं वाटायचं. माझा आवाज, माझी वाक्यं, आणि पंधरावीस पोरं तोंड उघडं टाकून बसलेली.

पण पान उलटलं की आधी एकच गलका. "चित्र! चित्र दाखव!" मी वही फिरवून सगळ्या पायऱ्यांना दाखवायचे. पोरं उठून पुढे यायची, बोटं लावायची, आणि त्या वेळात माझं पुढचं वाक्य तसंच राहिलेलं. एकदा तर वाचून दाखवायच्या आधीच त्यांनी हात वर केले. चित्रातल्या पुलाच्या फळ्या मोडक्या दिसत होत्या म्हणून सगळे नाल्यातून. मी त्या फळ्यांवर आठ ओळी लिहिल्या होत्या. त्या कुणी ऐकल्याच नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालून खाली उतरताना मला म्हणाल्या, "तुझी बहीण काय गोष्ट बनवते गं! आमचा बंड्या जेवायला येत नाही." मी म्हटलं, "हो ना." गोष्ट मी लिहिली आहे, एवढं सांगायला काय हरकत होती? पण ते सांगावं लागणं हाच अपमान वाटला.

त्यानंतर मी तिला चौकटी आखून द्यायला लागले. मजकूर मी आधी लिहायचे आणि कोपऱ्यात चार बोटांची जागा ठेवायचे. "इथे बसव." ती बसवायची. लहान होत होत त्या चौकटी पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोड्याच मोठ्या उरल्या. त्यात ती मान तिरकी करून, जीभ दातांत धरून बारीक बारीक रेघा ओढायची, आणि चित्रं आखडत गेली. ती आखडतायत हे मला दिसत होतं.

मेच्या अखेरीला आमच्या इथल्या वाचनालयाने मुलांच्या कामाचं प्रदर्शन ठेवलं. त्यात बदलापूरला राहणारे एक सर येणार होते. ते मुंबईत कलाशाळेत शिकवायचे. हे कळल्यावर ती उठून स्वयंपाकघरात गेली. मग आईला म्हणाली, "मावशी, तू बाबांना सांगशील?" तिला दहावीनंतर चित्रकलेला जायचं होतं. काकांचं म्हणणं वेगळं होतं. घरात तिच्या मागे दोन भावंडं, कारखान्यात हाताला काम तयार. शिवाय चित्रकला शिकून पुढे काय, हे त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं. आई स्वतः कॅम्प तीनला जाऊन आली. काका म्हणाले, "मला काय कळतं त्यातलं? त्या सरांना बघू दे. ते म्हणाले हिच्यात काही आहे, तर मी पाठवतो. नाही म्हणाले तर बसेल माझ्याबरोबर." काका शब्दाचे पक्के होते. म्हणजे सगळं त्या एका सकाळवर आलं, आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

आम्ही पक्की प्रत करायला घेतली, चांगल्या जाड कागदावर. चित्रं ती करणार, मजकूर आणि आकडे मी. एके दिवशी दुपारी तिने मला हाक मारली. दोन मोठे कागद शेजारी शेजारी ठेवले होते, आणि दोन्ही मिळून एकच चित्र.

मांजर्लीचा पूर. गच्चीवरून खाली बघितल्यासारखा. खिडक्यांच्या अर्ध्यापर्यंत पाणी, पत्र्यावर चढलेली एक शेळी, कुणाचं तरी लाकडी कपाट दार उघडं टाकून तरंगत चाललेलं, समोरच्या गच्चीवर बाई लुगड्याचा ओचा धरून उभी, आणि ह्या सगळ्या मातकट पाण्यात एका बाजूने निळी धार शिरलेली. ती निळी तिने कपड्यांना घालायच्या निळीने केली होती. पाण्यात कालवून, कुठे दाट, कुठे पुसट. ती कागदावर अजून ओली होती. मी बघितलं आणि मला क्षणभर गच्चीवर उभं असल्यासारखं गरगरलं.

"ताई," ती म्हणाली, "ह्याच्यावर लिहू नकोस ना. नुसतं असू दे."

"मग वाचणाऱ्याला कळणार कसं काय चाललंय?"

"दिसतंय ना," ती म्हणाली.

ती उर्मटपणे नाही म्हणाली. खरोखरच दिसत होतं. दोन पानं, आणि त्यांना माझ्या एकाही शब्दाची गरज नव्हती. इतके दिवस मी तिला चार बोटं जागा देत होते. तिने एका दुपारी माझं सगळं पुस्तकच नकोसं करून टाकलं, असं मला वाटलं. "बरं, राहू दे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर दळण आणायला गेली होती. मी मजकूर उतरवत होते. ते जोडपान तीस-एकतीसवर यायचं होतं आणि तिथे दोन वाटांनी जाता यायचं. एक, पाणी वाढल्यावर 'गच्चीवर चढायचं असेल तर' येतं तिथून. दुसरी, होडीवाल्याच्या पानावरून. मी गच्चीपुढे तीसऐवजी वीस लिहिलं. विसाव्या पानावर एक कुलूप लावलेलं दार होतं, तिथून परत पुलाकडे फिरावं लागायचं. होडीवाल्यापुढे बारा लिहिलं. बस. दोन आकडे. पुस्तकातून काही काढलं नाही, फाडलं नाही. जोडपान जिथल्या तिथे होतं, फक्त तिथे जाणारी वाट आता कुठूनच नव्हती.

चूक झाली, असं मी पुढे स्वतःशीसुद्धा म्हणत आले. चूक नव्हती. अक्षर छान आलं होतं.

पहिल्या पानावर नियम लिहिले होते, तेही माझ्याच अक्षरात. 'पानं ओळीने उलटू नयेत. सांगितलेल्या पानावरच जावं. मध्ये डोकावणारा बाद.' प्रत पुरी झाल्यावर मी कुणाला हात लावू दिला नाही. "डाग पडतील," म्हटलं. तिने आकडे तपासले नाहीत, कारण आकडे ताई बघते. काकांनी ती प्रत कारखान्यात नेऊन कण्यावर जाड धाग्याची दुहेरी शिलाई मारून आणली, पँटला मारतात तशी. शिलाई मारताना त्यांनी ते चित्र बघितलं असेल का? मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही, आणि आता ते नाहीत.

प्रदर्शनाच्या दिवशी काका अर्धी सुट्टी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सर साधे होते, पायात चपला, खांद्याला झोळी. प्रत्येक टेबलाशी थांबून पोरांशी बोलत होते. आमच्याकडे आल्यावर त्यांनी पहिलं पान उघडलं, नियम वाचले आणि हसले. "डोकावणारा बाद? बरं बाबा, नाही डोकावत." आणि खरंच खेळायला लागले. आम्ही टेबलाच्या मागे उभ्या. तिचे हात पाठीमागे एकमेकांत घट्ट.

पहिल्या खेपेला ते बंद कारखान्यात जाऊन मेले. "अरेरे!" म्हणाले. "परत खेळू का?"

तिचं तोंड असं उजळलं की मला बघवेना.

दुसऱ्या खेपेला ते पुलाकडे आले, पाणी वाढलं, आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, "गच्चीवर चढायचं असेल तर. चढू या गच्चीवर!" ती पुढे झुकली. सरांनी आकडा बघितला, विसावं पान काढलं. कोपऱ्यात चार बोटांचं कुलूप लावलेलं दार.

"बंद?" सर म्हणाले. "वा, फसवलंत."

तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं गोंधळून. कुजबुजली, "ताई, आकडा चुकला वाटतं."

"शू," मी म्हटलं. "नंतर बघू."

सरांनी पुस्तक मिटलं. "कल्पना फार छान. हे कुणी लिहिलंय?"

"मी," मी म्हटलं.

"उत्तम जुळवलंय. डोकं आहे. लिहीत जा." मग तिला म्हणाले, "चित्रं तुझी? मन लावून केली आहेस हं. नीटनेटकी आहेत."

काका पुढे झाले. हात जोडलेले. "सर, ही पोरगी... हिला चित्रकलेला पाठवू का? तुम्ही म्हणाल तसं."

सरांनी परत एक-दोन पानं बघितली, जिथे ते मघाशी गेले होते तीच. "हौस आहे, हात स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पण जरा बांधलेला वाटतो. अजून काही वर्षं करू दे. घाई नको." मग कुणीतरी त्यांना पुढच्या टेबलाकडे नेलं.

ते दोन पावलं गेले असतील. तिने पुस्तक ओढलं, जोडपान उघडलं आणि माझ्याकडे वळली. "ताई, हे दाखवू? बोलावू त्यांना?"

तेव्हा सगळं अजून हातात होतं. सर पाठमोरे, चार हातांवर. काका तिथेच, पण कुणाच्या तरी चहाच्या कपाला नको म्हणण्यात गुंतलेले. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. नाहीतर गप्प बसायचं होतं. ती धाकटी, मोठ्या बहिणीकडे बघणारी. मी गप्प बसले असते तर कदाचित तिने हाक मारली असती.

"आता कशाला?" मी म्हटलं. "ते पुढे गेले. बरं दिसत नाही."

तिने पुस्तक मिटलं.

आणि मला त्या दिवशी आनंद झाला होता, हे लिहायलाच हवं. 'डोकं आहे. लिहीत जा.' मी घरी जाताना ते मनात घोळवत होते. आईने रात्री शिरा केला, कुणासाठी ते तिलाही कळत नव्हतं. शिरा खाताना बहीण सगळ्यांना सांगत होती, "आकडा माझ्यामुळे चुकला. मीच ताईला घाई केली, मध्ये मध्ये चित्रं घालून. त्यात तिचं काय?" माझ्या वाटणीचा दोषही तिने घेतला. मला त्याचाही हेवा वाटला. इतकं सहज, चमच्यातला शिरा न सांडता.

एवढं करून थांबले असते तर निदान एकच गुन्हा झाला असता. जूनमध्ये निकाल लागला, तिला बरे गुण पडले. एका संध्याकाळी मावशी आमच्याकडे आली. ती माझ्याशी एकटीशी बोलायला आली होती, आई भाजी आणायला गेल्यावर. "तू शिकतेयस," ती म्हणाली. "तुला ह्यातलं कळतं, आणि तुझे काका तुझं ऐकतात. मला राहवत नाही गं. पोरगी काही बोलत नाही, पण रात्री जागी असते. तू सांग, पाठवावं का हिला? तू म्हणालीस तर मी आज भांडते त्यांच्याशी."

मावशी कधी नवऱ्याशी भांडलेली मी पाहिली नव्हती. भांडायला तयार होऊन आली होती, आणि माझ्यासारख्या पोरीच्या एका शब्दासाठी थांबली होती.

मी म्हटलं, "मावशी, सरच म्हणाले ना, घाई नको."

"हो," ती म्हणाली. "ते मोठे लोक. त्यांना कळतं." पदराने मान पुसली आणि चहा न घेता गेली.

बहीण कारखान्यात बसायला लागली. आधी धागे कापायला, मग बटणांना. पुढच्या मे महिन्यात ती आली नाही. मी एकटीने दुसरा खेळ लिहिला, बिनचित्रांचा, आणि तो वाटांच्या हिशोबाने पहिल्यापेक्षा कितीतरी पक्का होता. जिन्यात वाचायला बसले. पोरांनी दोन पानं ऐकली. मग दुसऱ्या मजल्यावरचा तोच मुलगा म्हणाला, "आणि चित्रवाली ताई?" मी म्हटलं ती येणार नाही. "मग क्रिकेट खेळू रे," तो म्हणाला, आणि जिना मोकळा झाला.

नंतर कॉलेज, नोकरी, सगळं रीतसर. पाचसहा वर्षांनी माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका द्यायला मी कॅम्प तीनला गेले. मावशी म्हणाली, ती कारखान्यात आहे, तिथेच दे. अरुंद लोखंडी जिन्याने वर गेले. मशिनांच्या रांगेच्या टोकाला, खिडकीजवळ, ती वेगळ्या टेबलाशी बसली होती. समोर पँटचा मागचा खिसा, त्यावर खडूने काहीतरी आखत होती.

कारखान्याचे म्हातारे सिंधी शेठ मला बघून म्हणाले, "इसकी बहन हो? साईं, दिमाग है इस लड़की में! पूरे मार्केट में पॉकेट इसका चल रहा है. सब कॉपी मारते हैं." ती लाजून म्हणाली, "काहीतरीच बोलतात, ताई." पण तिने मला खुर्ची पुसून दिली आणि तो खिसा पुढे सरकवला.

त्यावर दोरा भरला होता. सुई वर न उचलता काढल्यासारखी एकच ओळ, आणि त्या ओळीत एक पक्षी उडता उडता वळला होता. खिशाच्या पाचकोनी तुकड्यात पंख बरोबर कोपऱ्यापर्यंत गेलेला. रस्त्यावरून येताना मी हा पक्षी दोन-तीन जणांच्या मागच्या खिशांवर पाहिला होता. मला तो आवडला होता, कुणाचा ते माहीत नसताना.

ह्यावरून कुणी म्हणेल, बघ, तिचं काही अडलं नाही. तसं मी म्हणू देणार नाही. स्वतःला तर नाहीच. ती कुठे गेली असती ते कुणालाच माहीत नाही, कारण मी जाऊ दिलं नाही. आणि तरीही त्या खिडकीशी उभी असताना माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की हिला इथे बसवलं तरी हिचं चित्र गावभर फिरतंय, आणि मला 'लिहीत जा' म्हटलं तर मी काय लिहिलं?

"खरं सांग हं, ताई," ती म्हणाली. "ह्या लोकांना काय, खपतं ते छान. तुला कळतं. कसं झालंय?"

मागून मशिनांची धडधड येत होती. ती खडू हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती, तशीच, प्रदर्शनात बघितलं होतं तशी. 'छान' हा दोन अक्षरांचा शब्द. त्याने तिचं गेलेलं काही परत येणार नव्हतं, पण तो तिला हवा होता आणि तो फक्त माझ्याकडून हवा होता.

"धुतल्यावर टिकतं का हे?" मी म्हटलं.

"टिकतं ना!" ती म्हणाली, आणि खिसा उलटा करून मागचे टाके मला एकेक करून दाखवायला लागली.